मदतनिसाचं नाव

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावा! मी तुम्हाला शिट्टी वाजवणारा बिबट्या सांगितला, विहिरीत बुडालेली आख्खी बैलगाडी तिसऱ्या दिवशी कोरडीठाक निघालेली सांगितली... तुम्ही माना डोलावल्या. पण एका बाईनं अकरा वर्षं एका माणसाचा उजवा हात होऊन काढली, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता, हे सांगितलं की तुम्ही हसणार. हसा बापड्यांनो, हसा!

बजाजनगरातली दीड खोली होती. फरशीवर फेरतपासणीचा फॉर्म पसरलेला. आणि फॉर्म तरी केवढा! एक टोक स्टोव्हपाशी, दुसरं बाहेर रस्त्यावर. त्यावरून दोन रिक्षा गेल्या तरी रकाने संपेनात. कडूबाचा उजवा हात एका वर्कशॉपातल्या प्रेसखाली मनगटापासून गेलेला. त्याला मिळणारा अपंगांचा पगार चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ह्या कागदावर ठरणार होतं. कडूबा भिंतीला टेकून सांगत होता, आणि त्याची विधवा भावजय सरूबाई लिहीत होती. तिची सातवी झालेली. प्रत्येक कामापुढं तीन चौकोन होते... स्वतः, मदतीने, अशक्य.

"आंघोळ?" सरूबाईनं विचारलं.

"सोता."

"कपडे घालणं?"

"सोता. लिव्हा की! थांबल्या कशाला?"

पेन थांबलं होतं खरं. कडूबाच्या एकूण एक सदऱ्याची बटणं उसवून तिथं टिचबटणं लावताना सुई कितीदा बोटात शिरली होती, ते त्या बोटांना आठवत होतं! पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक कुणी ओवलं? साबणाची वडी मोज्यात घालून नळाला कुणी टांगली? डब्यांची झाकणं रोज सैल करून कोण ठेवत होतं, आणि कालवणात भाकरी आधीच कुस्करून ताट पुढं कोण सरकवत होतं?... पण त्या मानी पुरुषाच्या अभिमानाला ओरखडा नको, म्हणून हे सारं तिनं त्याच्या नकळत केलं होतं. अकरा वर्षं, एका शब्दानं न बोलता!

"जेवण?" तिनं पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सोता! मी काय लेकरू हाय व्हय, कुणी भरवायला?"

"भावजी, असं लिव्हलं तर पगार बंद व्हईल."

"व्हऊ द्या! खोटं लिव्हून मला नको सरकारचा पैसा."

"आन् हे शेवटलं... मदतनिसाचं नाव?"

"काट मारा. कोणी नाय."

कोणी नाही!... सरूबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. नवरा बद्रीनाथ गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. खुलताबादहून भाऊ आला होता. सीताफळांची बाग असलेलं, दुसरेपणाचं पण भल्या घरचं स्थळ घेऊन. "दिराचा हात नुकताच गेलाय, जखम भरू दे, मग बघू," म्हणून तिनंच त्याला परत पाठवलं. जखम भरली... बागवाल्याच्या घरी दुसरी कुणी नांदायला गेली... आणि तिच्या साऱ्या तारुण्याच्या आहुतीवर आज हा माणूस तिच्याच हातानं काट मारायला सांगत होता!

"मग मी कोण हाय, भावजी?"

"तुम्ही? तुम्ही भाकरी थापता. ती कोपऱ्यावरच्या खानावळीतबी मिळती."

सरूबाई उठली. एरवी आवाज न चढवणाऱ्या त्या माउलीच्या अंगाचा नुसता संताप संताप झाला! पेटीतून तिनं नवऱ्याचा जुना, साध्या बटणांचा सदरा काढून त्याच्या अंगावर भिरकावला. आख्खी भाकरी पुढ्यात आदळली. चटणीच्या डब्याचं झाकण पिळून घट्ट बसवलं.

"चालू द्या आता सोता! म्या चालले खुलताबादला."

ती गेली. कडूबा फिसकन् हसला आणि सदरा घालायला बसला. पहिलं बटण... डावा हात, मग दात, मग हनुवटी... दहा वाजले, अकरा वाजले, बटण काजात जाईना! डबा मांडीत धरला, तो उडून दाराबाहेर गेला. त्यानं खुंटीवरचे आपले सदरे ओढून काढले आणि उलटे करून पाहिले. प्रत्येक टिचबटणापाशी जुन्या बटणाच्या दोऱ्याची भोकं होती. एक... दहा... चाळीस! त्याचं काळीज विदीर्ण झालं. अरे देवा, अकरा वर्षं आपण कुणाच्या हातानं जगलो!

मग तो धावला हो! अनवाणी, उघडी छाती, फॉर्म दातात धरून. बजाजनगर ते बस स्टँड... सात ट्रक आणि एक अँब्युलन्स त्यानं मागं टाकली! खुलताबादची बस सुटत होती, तिच्यापुढं तो आडवा उभा राहिला. तिथंच बोनेटवर फॉर्म ठेवून, डाव्या हातानं लिहिलं: 'मदतनीस... सरूबाई.' आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असा ओरडला, "सरूबाई! ह्या माउलीचं नाव सरूबाई हाय!" ड्रायव्हर रडला, म्हाताऱ्या रडल्या, कंडक्टरच्या तिकिटांचा तर आसवांनी लगदा झाला, आणि सरूबाई पायरीवरून उतरून म्हणाली...

"काय बी म्हणाली नाय!" स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानंच एक म्हातारी तरातरा बाहेर आली. "अवो कडूबाभावजी, जनाची नाय तर मनाची ठेवा! कुठली बस, आन् कुठलं बोनेट? म्या उंबऱ्याबाहेर पाऊलसुदिक टाकलं न्हवतं. दोन दिस अबोला धरला, तेवढंच. फारम मीच भरला, माझं नाव मीच लिव्हलं, आन् तुम्ही न वाचता खाली सही ठोकली. एवढ्या वर्षांत माझं नाव तुमच्या तोंडून आज पयल्यांदा ऐकती म्या... आन् तेबी थापेत!"