विश्वेश्वरकाकांची रिंग

एकोणीस व्होल्ट. मल्टिमीटर खोटं बोलत नाही.

काळा, डायलचा फोन. वायर कापलेली.

पोळी फुगली तर आनंद. बॅटरी फुगली तर गॅलरीत नेऊन ठेवायची.

डाव्या कानाची पाळी ओढणारा माणूस.

रेल्वेची शिट्टी, लांबून.

हे तुकडे जुळवून सांगतो. मी शार्दूल, मूळचा नागपूरचा. इलेक्ट्रॉनिक सिटीत सर्व्हरचे पॉवर सप्लाय तपासतो. म्हणजे वीज का येत नाही हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे सासऱ्यांनी एक जाडजूड, जुना लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

सासरे, रत्नाकरबाबा, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. अर्धं आयुष्य यशवंतपुरात गेलेलं. तिथली मराठी मंडळी गणपतीत दर वर्षी एक नाटक बसवतात. ते लिहितात सासूबाई, अलकाआई. बाबा त्यात काम करतात. आणि बाबांचे जिवलग मित्र विश्वेश्वरकाका विंगेतून आवाज द्यायचे: दाराची कडी, पाऊस, फोन. काका यंदा जानेवारीत गेले. लॅपटॉप त्यांचा.

फोनचं गुपित मला शमिकानं, माझ्या बायकोनं, सांगितलं. बाबा संवाद विसरले की डाव्या कानाची पाळी ओढतात. ते दिसलं की काका रिंग वाजवायचे. बाबा रिसीव्हर उचलून ‘हॅलो’ म्हणायचे, काका विंगेतून हळूच पुढचं वाक्य सांगायचे, आणि प्रेक्षकांना वाटायचं की फोन नाटकातलाच आहे. म्हणून नाटक कुठलंही असो, स्टेजवर फोन असायचाच. एका वर्षी शिवकालीन नाटक निघालं. फोन ठेवता येईना, म्हणून बाबांनी त्या वर्षी पाठदुखी काढली.

यंदा मंडळात कुजबुज होती की रत्नाकररावांनी आता आराम करावा. ती बाबांच्या कानावर गेली. यंदा अडखळलो तर पुन्हा रंगमंचावर पाय ठेवणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “तेवढी रिंग चालू करून द्या, जावईबापू. स्वल्प आधार लागतो हो.”

रिंग मोबाइलवर हवी तेवढी मिळते, हे मी सांगून पाहिलं. पण त्यांना तीच हवी होती. काकांनी ती स्वतःच्या घरी रेकॉर्ड केलेली. शेवटी मागे जंक्शनवरच्या गाडीची शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी आली की जीव थाऱ्यावर येतो, असं बाबा म्हणाले.

केलं ते असं.

अडॅप्टर: उत्तम. बॅटरी: फुगलेली. काढली, सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकली. उरलासुरला चार्ज जावा म्हणून पॉवरचं बटण दाबून धरलं. अडॅप्टर लावला. हिरवा दिवा लागला, बाकी काही नाही. पिन बसते ते सॉकेट बदललं. हिरवा दिवा. हार्ड डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली, ती वाचलीच जाईना. परत बसवली. हिरवा दिवा.

शनिवारी सकाळी लॅपटॉप टेबलावर तसाच होता. शमिका फोनच्या स्पीकरवर बाबांचे संवाद घेत होती. बाबा मध्येच थांबले. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

लॅपटॉपचा पंखा फिरला. रिंग वाजली, तीच, शिट्टीसकट. पडदा काळाच होता.

“आठवलं,” पलीकडून बाबा म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं.

शमिका खूश. मी पिन हलवून पाहिली. लूज कनेक्शन, मी म्हणालो.

रविवारी यशवंतपूरला बाबांच्या घरी तालीम होती. लॅपटॉप तिथे नेला. बाबा दोनदा अडखळले, दोनदा तो चालू झाला. शमिकानं बाबांना मुद्दाम विसरायला सांगितलं. बाबांनी कान ओढून फार सुंदर अभिनय केला. काही झालं नाही. मग ते कॉफी मागायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, आपण कशाला आलो हेच विसरले. रिंग वाजली. सगळे हसून हसून बेजार झाले. बाबा सगळ्यांत जास्त.

मी टेबलाला बसणारे हादरे, ओलावा, जमिनीचा उतार, सगळं तपासलं.

नाटकाच्या संध्याकाळी विंगेत एकच प्लग होता. जुना लॅपटॉप काही केल्या उठेना. शेवटी मी त्याचा अडॅप्टर काढला, झाकण मिटलं, प्लगला माझा लॅपटॉप लावला आणि मोबाइलवरून घेतलेली एक रिंग तयार ठेवली. जुना शेजारी राहू दिला. बाबांना तो तिथून दिसत होता.

नाटक विनोदी: घरमालक आणि भाडेकरू. पहिला अंक झकास झाला.

दुसऱ्या अंकात भाडेकरूनं विचारलं, दार कधी उघडणार? बाबा गप्प.

हात कानाकडे गेला.

पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं.

मी बटणावर बोट नेलं. दाबलं नाही. दाबायची वेळच आली नाही.

रिंग वाजली. शिट्टी आली.

जुन्या लॅपटॉपच्या मिटलेल्या झाकणाखाली उजेडाची बारीक रेघ होती.

बाबांनी रिसीव्हर उचलला. “हॅलो?”

माझ्या कोपराशी कोणीतरी घसा खाकरला. मग लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून, कुजबुजत: “दार उघडंच आहे. तुम्हीच बाहेर उभे आहात.”

“दार उघडंच आहे,” बाबा रंगमंचावरून गरजले, “तुम्हीच बाहेर उभे आहात.”

टाळ्या.

“रत्न्या,” आवाज म्हणाला, “पुढच्या वर्षी तू इकडे बस. दोघं मिळून करू.”

बाबा रिसीव्हर कानाला लावून हसले. “सरी, सरी. येतो,” असा अर्धा कानडीत होकार दिला आणि फोन ठेवला. हे संहितेत नव्हतं. लोक पुन्हा हसले.

नंतर मांडवामागे बिसीबेळेभात होता. बाबांच्या पाठीवर थापा पडत होत्या. मी शमिकाला समजावलं: कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरतो, आणि काकांनी बाबांचे संवाद कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलेले असणार. तिला ते पटलं. काका होतेच तसे, ती म्हणाली.

बाबा दुसऱ्यांदा भात घेत मंडळाच्या लोकांना सांगत होते, “पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा माणूस बघा, मी आवाजाच्या बाजूला जाणार आहे. विश्यानं बोलावलंय.” त्यांनी आपणहून जागा सोडली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. अलकाआईंचा डाव मात्र पातेल्यावर तसाच थांबला होता.

ते नाटक त्यांनी यंदा जूनमध्ये लिहिलं होतं, काका गेल्यानंतर.