डावा दिवा पिवळा

सकाळचे सात वाजले होते, पण धुकं असं की टेम्पोच्या खिडकीतून हात काढला तर बोटं दिसू नयेत. धाकटा भाऊ वहिनीला माहेरी पोहोचवायला निघाला होता; ती कायमची चालली होती. मागे तिचं कपाट, शिलाई मशीन आणि दोन गाद्या.

दोघे भाऊ टेम्पोवाले. रोज पहाटे दूध घेऊन निघायचे, दादा पुढे, धाकटा मागे. दादाच्या गाडीचा उजवा दिवा पांढरा, डावा पिवळा. "दोन्ही सारखे असले तर मला ओळखणार कोण?" म्हणून हसायचा. आणि शिकवायचा, "बाबा रे, धुक्यात दिव्याचा अप्पर लावू नकोस, झोत उलटा डोळ्यांवर येतो; डिपर ठेव, खाली. आणि माझ्या पाठीला चिकटू नकोस." त्याने मागचा दिवा दोनदा लुकलुकवला की समजायचं, अंतर ठेव. ही दोघांची खूण.

गेल्या वर्षी अशाच धुक्यात धाकटा अप्पर लावून जेमतेम दहा फुटांवर होता. दादाला समोर बंद पडलेला ट्रक दिसला, त्याने ब्रेक दाबला, आणि धाकट्याच्या टेम्पोने त्याची गाडी मागून त्या ट्रकखाली ढकलली. दादा जागीच गेला. लोक म्हणाले, दादाला डुलकी लागली असेल. धाकटा गप्प बसला. मोडक्या गाडीतला तो पिवळा बल्ब तेवढा त्याने फडक्यात बांधून आणला आणि आपल्या टेम्पोच्या खणात ठेवला.

आज समोर एका ट्रकचा लाल दिवा दिसला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. त्याच्या मागे मागे जायचं, झालं. सवयीने त्याने अप्पर लावला.

तेवढ्यात आरशात दोन दिवे उजळले. एक पांढरा... एक पिवळा.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "मागे कोण आहे?"

"असेल कोणीतरी..."

दिवे दोनदा लुकलुकले. थांबून पुन्हा दोनदा.  धाकट्याने डिपर केला, वेग कमी केला. लाल दिवा लांब गेला, आणि करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. टेम्पो वीस पावलं अलीकडे थांबला.

आरशात आता नुसतं धुकं होतं.

धाकट्याला रडू आवरेना. "वहिनी, दादाला डुलकी लागली नव्हती हो... त्याने वेळेवर ब्रेक मारला होता. मीच चिकटलो होतो. अप्पर लावून. मीच..."

वहिनी त्याच्याकडे वळली.

"रात्र रात्र जागून गाडी चालवणारा माणूस तो. त्याला कसली डुलकी?" ती म्हणाली. "वर्षभर वाट बघितली मी, तुम्ही कधी तोंड उघडता याची. आता निदान माहेरी मान वर करून सांगेन, चूक त्याची नव्हती." तिने डोळे पुसले. "तो बल्ब द्या मला. तेवढा सोबत नेते."

धाकट्याने समोरचा खण उघडला. फडक्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"वहिनी... तापलाय हा."

वहिनीने दोन्ही हात पुढे केले.

"द्या," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत द्या."