सोमवारी वाकणाऱ्या तारा

बाहेर हवेचा मागमूस नव्हता, तरी ‘टिटवी’ यानाच्या तारा वाकल्या होत्या. शलाकाच्या डोक्याला भुंगाच लागला.

गुरू ग्रहाच्या रेडिओलहरी ऐकायला तिच्या खगोलशास्त्रज्ञ आबांनी दहा-दहा किलोमीटर लांबीच्या बारा बारीक तारा यानाला लावल्या होत्या. एरवी हे कोडं तिने हसत सोडवलं असतं. पण टाकी फुटून इंधन गेलं होतं. सत्तर दिवसांनी यान सूर्याकडच्या बाजूने, मंगळापासून आठ हजार किलोमीटरवरून निसटणार होतं. भरकटलेली यानं ओढून आणणारं मंगळावरचं ओढयान तिथवर पोचत नव्हतं. आणि मंगळावर आई होती, दोन वर्षं वाट बघत.

“बिघाड,” यंत्रमानव ठोकळा म्हणाला. “बाहेर पोकळी. पोकळी म्हणजे शून्य. शून्य कुणाला ढकलत नाही.”

शलाकाने जुने फोटो काढले. तारा वाकायच्या फक्त सोमवारी, आणि तेही सूर्याच्या उलट दिशेला! सोमवारी ठोकळा तारांना धनभार देऊन त्यांच्यावरची धूळ झटकायचा.

“आबा, धूळ बसते म्हणजे बाहेर अगदीच शून्य नाही ना?”

डोकं धरून बसलेले आबा ताडकन उठले. “नाहीच मुळी! शिवाय सौरवारा (सूर्यातून सतत सुटणारे विद्युतभारित कण) आहे. साखरेच्या चौकोनी तुकड्याएवढ्या जागेत जेमतेम पाच-सहा प्रोटॉन (धनभार असलेले कण), पण वेग सेकंदाला चारशे किलोमीटर!”

“आणि सारखे भार एकमेकांना लोटतात. म्हणजे ते तारांना लोटतात आणि तारा यानाला!”

“सूर्यापासून दूर, मंगळाकडे!”

“मग रोजच सोमवार करू या की!”

आबांचे डोळे भरून आले. “तीस वर्षं हेच शिकवतोय गं मी. आणि घाबरलो तसा साफ विसरलो.”

रेटा अगदी मुंगीच्या ताकदीचा, पण अखंड. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. चौथ्या दिवशी, यान मंगळापासून किती दुरून निसटणार तो आठ हजारांचा आकडा सात हजारांवर आला, तेव्हा शलाका आनंदाने किंचाळली. ठोकळ्याने मात्र तीच आकडेमोड तीनदा केली.

सत्तराव्या दिवशी ओढयानाने ‘टिटवी’ला अलगद पकडलं. ओढयानातूनच आलेल्या आईचा आवाज रेडिओवर आला. “इंधन नसताना आलात तरी कसे गं?”

“वाऱ्याने आणलं!”

ठोकळ्याने नोंदवहीतलं ‘बिघाड’ खोडून ‘सौरवारा’ लिहिलं.

“आबा, हा वारा गुरूपर्यंत जातो?”

“त्याच्याही कितीतरी पुढे.”

“मग तारा अजून लांब करू या,” शलाका म्हणाली, आणि आईला भेटायला दाराकडे झेपावली.