जीपचं तेल जातं कुठं?

“एक थेंबही नाही!” जीपखाली रात्रभर पसरून ठेवलेलं वर्तमानपत्र ओढून काढत बबलू ओरडला.

तेरा वर्षांची रंजीता आणि तिचा धाकटा भाऊ बबलू सुट्टीत शेलूबाजारला राजपालमामाकडे आले होते. मामाची जीप मंगरूळपीरपर्यंत सवाऱ्या न्यायची. शेजारच्या नमराशी दोघांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. तिचे अब्बू फय्याजचाचा गॅरेज चालवत.

“मामा तर दर चार दिवसांनी इंजिनात तेल ओतून राह्यला,” रंजीता म्हणाली. “गळत नाही, तर मंग जाते कुठं?”

“धूर पाह्यला काय? निळा हाय! म्हंजे तेल जळून राह्यलं,” नमरा म्हणाली. “मले तर टर्बोचा शक हाय.”

“ते काय असते?” बबलूनं विचारलं.

“इंजिनाच्या धुरानं एक चक्री फिरते. तिच्याच दांड्यावर दुसरी चक्री असते, ते इंजिनात जास्तीची हवा ढकलते. दांडा तेलावर तरंगत फिरते. तुहा मामा गाडी पळवत आणते अन् आल्याबरोबर बंद करते. तेल थांबते, पण चक्री फिरतच राह्यते! मंग दांडा कोरडा घासते अन् तेल इंजिनात झिरपते. तिले मिनिटभर दम खाऊ द्या लागते.”

तिघांनी मामाला गाठलं. मामा खो खो हसला. “तुमच्या वयापेक्षा जास्त वर्षं गाडी चालवून राह्यलो मी! जा, खेळा!”

फय्याजचाचा सामान आणायला अकोल्याला गेले होते. मोठ्यांपैकी ऐकून घेणारं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामाच्या आईच्या, कस्तुराबाई आजीच्या, पायाचं प्लास्टर मंगरूळपीरच्या दवाखान्यात काढायचं होतं. तिला मागच्या सीटवर आडवं बसवून मामानं जीप काढली. तिघंही सोबत निघाले.

अर्ध्या वाटेत मागचा रस्ता धुरानं दिसेनासा झाला. मामानं जीप कडेला घेतली, किल्ली फिरवून काढली... आणि इंजिन बंद व्हायच्या ऐवजी किंचाळायलाच लागलं!

“बंद काहून नाही होऊन राह्यली?” किल्ली मामाच्या हातात होती! आवाज वाढतच गेला. बॉनेट थरथरू लागलं. मामा घाबरून खाली उतरला आणि नुसता गाडीभोवती फिरू लागला. दोन मोटरसायकलवाले थांबले, पण लांबूनच मोबाईल धरून उभे राहिले.

“आजी, उतर! इंजिन फुटन!” रंजीतानं तिच्या काखेत हात घातले. आजी जागची हलेना. बबलूनं तिचा पाय उचलायला घेतला, तशी ती कळवळली. तिघांनी मिळून जोर लावला, तरी ती इंचभरही सरकेना. बबलू रडायला लागला.

“तुमी व्हा बाहीर, मले ऱ्हाऊ द्या!” आजी म्हणाली. कोणीही हललं नाही.

अब्बूंनी एकदा सांगितलेलं नमराला आठवत होतं, पण नीट आठवतंय ना? चुकलं तर?

“मामा!” ती जीव तोडून ओरडली. “आत बसा! क्लच दाबून पाचव्या गेरात टाका! ब्रेक गच्च दाबा, मंग क्लच सोडा! चाकं अडली का इंजिन बी अडते!”

“काय?”

“किल्लीनं डिझेल बंद झालं, पण टर्बोतून गेलेलं तेल जळून राह्यलं! लवकर, मामा!”

मामा आत चढला. गिअर खरखरला. जीपला जबरदस्त हिसका बसला, आजी रंजीताच्या अंगावर कोसळली आणि इंजिन बंद पडलं.



संध्याकाळी आजीसकट जीप दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजला आणली. तोवर फय्याजचाचा परतले होते. त्यांनी टर्बोकडून इंजिनात जाणारा पाइप काढला. भळभळ तेल सांडलं!

“टर्बोचं तेल अडवणारं सील गेलं, राजपालभाऊ. गाडी थांबवल्यावर मिनिटभर चालू ठेवली असती न...”

“पोरीनं सांगतलं होतं. मीच हसलो,” मामा मान खाली घालून म्हणाला. “नमरा, आज तू नसती त...”

“मले लई भेव लागून राह्यलं होतं, मामा,” नमरा हळूच म्हणाली.

आजीनं तिचे हात आपल्या हातात घेतले. “भेव त सगळ्याईलेच लागलं, माय. मोठे माणसं लांब जाऊन उभे राह्यले. तुमी तिघं मले सोडून हलले नाही!”