सारण चाळिसांचं, पाऱ्या वीस

माझ्या हिशेबाने छत्तीस लिटर पाणी व्हायला हवं होतं. झालं साडेतेरा. भट्टीच्या नळ्या कुठे गळत नव्हत्या. मग बाकीचं पाणी गेलं कुठे?

मंगळावरच्या आमच्या वसाहतीत बर्फ खणणारं यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्तीला अजून नऊ दिवस लागणार होते. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नव्हता आणि काचघरात बाबांची दोन झाडं होती, लिंबू आणि कढीपत्ता. प्रत्येक झाडाला रोज दोन लिटर लागायचं. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. ती झाडं मला जगवायची होती.

म्हणून मी बाबांची भट्टी चालू केली. तिच्यात कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांची अभिक्रिया (पदार्थांपासून वेगळे पदार्थ तयार होणं) होऊन पाणी आणि मिथेन वायू मिळतो.

“आई, तू हिशेब कशावरून केलास?” नऊ वर्षांच्या रेवाने, माझ्या मुलीने, विचारलं.

“कार्बन डायऑक्साइडवरून. तो चव्वेचाळीस किलो होता. तेवढ्याचं छत्तीस लिटर पाणी होतं.”

“आणि हायड्रोजन?”

“तोही होता की.”

“किती?”

मी पाहिलंच नव्हतं. नोंद काढली. “चार किलो.”

रेवा म्हणाली, “आजोबांनी मला करंज्या करताना विचारलं होतं. सारण चाळीस करंज्यांचं आहे आणि पाऱ्या वीसच लाटल्यात. करंज्या किती होतील?”

“वीस.”

“तू सारण मोजलंस.”

मी पाटी घेतली. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला हायड्रोजनचे चार रेणू लागतात आणि त्यातून पाण्याचे दोन होतात. वजनात पाहिलं, तर चव्वेचाळीस किलोला आठ किलो हायड्रोजन. आमच्याकडे त्याच्या निम्माच होता. म्हणजे पाणीही निम्मं, अठरा लिटर. बावीस किलो कार्बन डायऑक्साइड नुसताच उरला.

“हायड्रोजन मर्यादक अभिक्रियाकारक,” रेवा आजोबांचा शब्द वापरत म्हणाली. (जो आधी संपतो आणि पुढचं काम थांबवतो, तो पदार्थ.) “वजनाला कमी म्हणून नाही हं. गरजेच्या मानाने कमी म्हणून. तो आठ किलो असता, तरी वजनाला कार्बन डायऑक्साइडहून कमीच असता, पण पुरला असता.”

“पण अठराही झालं नाही.”

“सगळ्या करंज्या कुठे नीट निघतात? दोनचार तेलात फुटतात.”

थोडा वायू जुळलाच नसणार, थोडी वाफ मिथेनबरोबर निघून गेली असणार. साडेतेराला अठराने भागून शंभराने गुणलं. पंचाहत्तर. हा शेकडा उतारा (जास्तीत जास्त जेवढं मिळू शकतं, त्यातलं शंभरात किती हाती आलं ते).

दवाखान्यात बाबा म्हणाले होते, “वसू, भट्टी लावशील तेव्हा आधी...”

“माहीत आहे हो, बाबा. तुम्ही पडून राहा.”

ते पडून राहिले.

हायड्रोजन संपला होता. आधी मोजला असता, तरी पाणी वाढलं नसतं. पण छत्तीस लिटर येणार या भरवशावर गेले तीन दिवस मी झाडांसाठी साठवलेलं सगळं पाणी दोघांना मोकळ्या हाताने घालून संपवलं होतं. आता नऊ दिवसांना साडेतेरा लिटर, रोज दीड. एकच झाड जगणार होतं.

“कढीपत्ता छाटला तर दीड लिटरवर तगेल,” रेवा म्हणाली. “लिंबाचं नाही जमायचं.”

लिंबाला पाच फळं होती. आम्ही ती उतरवली, चिरली, बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. झाडाकडे मी दुपारपर्यंत पाहिलं नाही.

फडक्याची घडी घालताना रेवा म्हणाली, “यंत्र सुरू झालं की बर्फाच्या पाण्यातून नवा हायड्रोजन मिळेल, मग पुन्हा भट्टी लावू. तेव्हा आधी...”

“माहीत...” माझ्या तोंडून निघालंच होतं. मी थांबले. हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले.

“सांग,” मी म्हणाले. “आधी काय करायचं?”