काळ्या तिखटाचा डबा

भिजलेल्या तूरडाळीचं पाणी दुसऱ्यांदा ओतून दिलं की डाळीच्या कडा पांढुरक्या होतात. मधला पिवळा रंग तेवढा उरतो, पण तोही विटलेला. वीणा सिंकपाशी उभी राहून तो रंग बघत होती. डाळ रात्रभर भिजवायची, पाणी फेकायचं, अर्धवट शिजवायची, तेही पाणी फेकायचं... अण्णा अमेरिकेत, शुगर लँडला तिच्या घरी राहायला आले तेव्हापासून तिच्या स्वयंपाकाची रीत ही अशी झाली होती. त्या पाण्यावाटे डाळीतलं पोटॅशियम निघून जातं, आणि ज्याच्या किडन्या निकामी झाल्या आहेत त्याला तेच जिवावर बेततं. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या वीणाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या पाण्याबरोबर आणखी काय काय वाहून जात होतं, ते मोजायचं यंत्र तिच्या प्रयोगशाळेत नव्हतं.

"झाली का गं पाण्याची तपासणी?" जेवणाच्या टेबलाशी शाल गुंडाळून बसलेल्या अण्णांनी विचारलं. बाहेर अंगाची काहिली करणारा ह्यूस्टनकडचा दमट उन्हाळा होता, तरी त्यांना थंडी वाजत होती.

"झाली. पाणी पास आहे."

"आणि आमटी?"

"तिचं काय?"

"ती तीन वर्षं त्याच वर्गात बसलीय."

समोर फोनमध्ये डोकं घालून बसलेली पंधरा वर्षांची स्वानंदी फिस्सकन हसली. "आजोबा, दॅट्स सो मीन."

"मीन नाही बाळ, सप्रेम सूचना," अण्णा म्हणाले.

वीणाही हसली, पण पाठमोरीच. शुक्रवारी डायलिसिसच्या यंत्रावर असताना अण्णांची शुद्ध हरपली होती. आधीही दोनदा असं झालं होतं. हृदय थकलं होतं, यंत्र रक्त ओढू लागलं की रक्तदाब कोसळायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते यंत्रावर जायचे आणि मधले दिवस त्यातून सावरण्यात जायचे, आणि सावरतात न सावरतात तोच पुन्हा गाडीची किल्ली हातात घ्यायची वेळ यायची. बार्शीला वीज मंडळात उभं आयुष्य खांबांवर चढण्यात घालवलेला माणूस आता तिच्या गाडीत बसतानाही दाराला धरून थांबायचा.

वसंतात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं होतं, की हे चालू ठेवता येईल, आणि थांबवताही येईल. थांबवलं तर घरीच राहता येईल, दुखणार नाही याची काळजी घेऊ; पण मग हाती फार तर आठवडा, दोन आठवडे.

परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "मी दमलो वीणा. मला ते यंत्र नको आता. पण हे मी ठरवणार नाही. तू हो म्हणशील त्या दिवशी थांबायचं."

"जीव तुमचा आहे अण्णा, मी कोण ठरवणार?"

"तूच. मी एकदा तुला न विचारता ठरवलेलं आहे."

त्यावर ती "पुढच्या आठवड्यात बघू," एवढंच म्हणाली. तो पुढचा आठवडा अजून उजाडला नव्हता. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. सोमवार आला की ते मुकाट्याने चपला पायात सरकवून दाराशी उभे राहायचे, आणि त्यांचं ते मुकाट उभं राहणंच तिला सोसत नसे!

एकदा न विचारता ठरवलेलं... ते काय होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. स्वानंदी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. वीणाचे व्हिसाचे कागद अडकलेले होते. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येता आलं असतं की नाही, वकीलही सांगू शकत नव्हता. दर रविवारी ती बार्शीला फोन करायची. आधी आई पाच मिनिटं बोलायची, मग दोन मिनिटं, मग अण्णाच सांगायचे, "देवळात गेलीय," "आत्ताच डोळा लागलाय." आवाज बारीक येतो तो लाइन खराब म्हणून, असं वीणा समजत राहिली. आणि मग एका रविवारी अण्णांचाच फोन आला. आई गेली होती. दहावंसुद्धा उरकलं होतं.

"तुझे कागद होऊ देत. आता येऊन काय करणार," असं ते म्हणाले होते. त्या एका वाक्याची वीणाने कधी क्षमा केली नाही. आईला आपल्या दुखण्याची पुरती कल्पनाही दिली नसेल यांनी, ती दाराकडे डोळे लावून आपली वाट बघत गेली असेल... हे चित्र तिच्या मनात रुतून बसलं. कागद झाल्यावर ती बार्शीला गेली, तेव्हा अण्णांनी तिच्या हातात स्टीलचा एक डबा दिला. "तुझ्या आईनं केलेलं काळं तिखट. तुझ्यासाठी." तिने तो घेतला. अमेरिकेत आणला, फ्रीजरमध्ये ठेवला, आणि उघडला नाही. दोन घरं बदलली, तीन फ्रीज बदलले. डबा प्रत्येक वेळी तळाशी गेला. पुढे अण्णा एकटे पडले, आजारी पडले, तेव्हा तिने त्यांना आणलं, औषधपाणी केलं, पथ्य सांभाळलं, कर्तव्यात तसूभर उणं पडू दिलं नाही. फक्त त्या विषयावर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

"वीणा," अण्णा म्हणाले, "आज एक मागू?"

"बर्फ हवाय? मोजलेल्या पाण्यातले दोन खडे सकाळीच झालेत तुमचे."

"बर्फ नको. आमटी हवी. खरी. आणि ज्वारीची भाकरी."

"ही करतेच आहे."

"ही नाही. त्या तिखटाची. फ्रीजरच्या तळाशी आहे त्याची."

वीणाचा हात चाळणीवर थबकला.

"मागे बर्फ काढायला गेलो, तेव्हा दिसला डबा," ते हळूच म्हणाले. "टेप तशीच आहे. मीच गुंडाळली होती, ओळखली."

"कधी दिसला?"

"आलो त्या आठवड्यात."

म्हणजे तीन वर्षं त्यांना ठाऊक होतं! तीन वर्षं ते तिची फिकी आमटी बोटं चाटत नव्हे, पण ताट स्वच्छ करत जेवले होते, आणि त्या डब्याचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. वीणाने हात पुसले. फ्रीजरमधल्या मटारच्या आणि खोबऱ्याच्या पिशव्या बाजूला केल्या आणि डबा ओट्यावर ठेवला. बाहेरून त्याला दव सुटेपर्यंत ती नुसती बघत राहिली. मग टेप सोलली आणि झाकण काढलं.

वर हिंगाचे दोन खडे होते, कीड लागू नये म्हणून आई ठेवायची तसेच. ते उचलले तेव्हा खालचं दिसलं. तिखट इतकं दाबून भरलेलं होतं की पृष्ठभाग ढेकळासारखा घट्ट झाला होता, आणि त्यावर चार बोटांचे ठसे होते. बारीक, जवळजवळ. अनामिकेच्या ठशापाशी वळ्याची एक आडवी रेघसुद्धा.

वीणाने आपली बोटं त्यावर टेकवली. तिची बोटं त्या खाचांपेक्षा जाड होती. आईचा हात आपल्या हातापेक्षा मोठा होता, हे तिला पक्कं आठवत होतं... किती वाळली होती आई!

"हे तिनं कधी केलं?" तिला आपलाच आवाज ओळखू आला नाही. "आजारात?"

"शेवटच्या महिन्यात."

"आणि तुम्ही करू दिलंत?"

"ऐकते का ती. कांडपावर नेऊ नका म्हणाली, तिथं दुसऱ्यांच्या मिरच्यांचा वास लागतो. खुर्चीत बसून सांगत होती, मी खलबत्त्यात कुटत होतो. धणे झाले, तीळ झाले, खोबरं भाजताना मी करपवलं, त्यावरून शिव्या खाल्ल्या. दगडफूल निवडायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षं जेवत होतो नुसता." ते थांबले, श्वास घेतला. "भरताना मात्र मला हात लावू दिला नाही. उठून उभी राहिली त्यासाठी. म्हणाली, वीणा येईल तेव्हा मी नसणार, तिखट तरी असू दे."

वीणा वळली. "म्हणजे तिला माहीत होतं?"

अण्णा टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत होते. त्या हातावर सुयांनी सुजलेल्या शिरा होत्या.

"तिचंच म्हणणं होतं ते," शेवटी ते म्हणाले. "शपथ घातली होती. पोरीला कळवाल तर माझं मेलेलं तोंड बघाल. आता तसंही तेच बघायचं होतं मला... पण पाळली."

"चौदा वर्षं, अण्णा! चौदा वर्षं मी तुम्हाला..." ती टेबलाशी आली. "का नाही सांगितलंत एकदा तरी?"

"सांगितलं असतं तर तू तिच्यावर रागावली असतीस. गेलेल्या माणसाशी भांडण मिटवायचं कसं? माझ्याशी होतं ते बरं होतं. मी जिवंत होतो." मग पुढे म्हणाले, "आणि माझी चूक नव्हती असंही नाही. शपथ तिनं घातली, पण मोडायची की पाळायची हे माझ्या हातात होतं. तुला विचारायला हवं होतं, येतेस का म्हणून. तो हक्क तुझा होता. म्हणून या वेळी विचारलं."

स्वानंदीने फोन केव्हाच उपडा ठेवला होता. "मॉम?" ती हलक्या आवाजात म्हणाली. वीणाने सिंकमधली ती विटलेली डाळ उचलली आणि कचऱ्यात ओतली.

तिने डाळीच्या डब्यातून नवी डाळ काढली. एकदाच धुतली आणि हिंग-हळद घालून कुकरला लावली. ज्वारीचं पीठ दुकानातलं, जुनं, विरी गेलेलं, चिकटपणा न उरलेलं. म्हणून त्यात आधणाचं पाणी ओतून ते बराच वेळ मळलं. काळं तिखट घ्यायला चमचा उचलला तेव्हा हात अडला. कुठून घ्यायचं? कुठूनही घेतलं तरी ते ठसे मोडणार होते. अण्णा बघत होते.

"घे," ते म्हणाले. "ठेवायला नाही दिलं तिनं."

तिने करंगळीच्या ठशापासून सुरुवात केली.

तेलात लसूण लाल झाला, त्यावर तिखट पडलं, आणि तो ठसका उठला! खोकत खोकत स्वानंदी धावली, कारण छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला होता. "ओ माय गॉड, मॉम! इट्स लाइक टिअर गॅस!" ती खुर्चीवर चढून टॉवेल फडकवायला लागली, आणि अण्णा शालीत तोंड खुपसून खोकत होते आणि हसत होते. किती दिवसांनी ते असे हसत होते! डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिघांच्याही, आणि आज त्याला निमित्त आयतंच मिळालं होतं.

भाकरी थापताना कडेला चिरली, तरी फुगली. वीणाने ताट वाढलं. अण्णांनी भाकरी कुस्करली, मधे आळं केलं, त्यात आमटी घेतली. पहिला घास तोंडात गेल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"मीठ घातलंयस," ते म्हणाले.

"हो."

"किती?"

"मोजलं नाही."

त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. रोज ग्रॅमवर मोजणारी ही मुलगी... वजनकाटा ओट्यावर नव्हताच, तिने तो खणात ठेवून दिला होता. मग अण्णांनी वाटी पुढे केली आणि तिने काठोकाठ भरली.

"खोबरं करपलंय थोडं," दुसऱ्या वाटीला ते समाधानाने म्हणाले. "ती माझी चूक बरं का. तुझ्या आईची नव्हे."

वीणा त्यांच्या शेजारी बसली. खूप वर्षांनी तिने त्यांच्या ताटातलाच एक घास उचलला, लहानपणी उचलायची तसा. तो गिळताना तिला वाटलं, आता नाही म्हणावं, अजून एक उन्हाळा मागून घ्यावा, अजून एक सोमवार... मागितला असता तर त्यांनी दिलाही असता. पुन्हा चपला सरकवून दाराशी उभे राहिले असते, तिच्यासाठी.

स्वानंदीने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "मॉम, उद्या तू मला प्रॅक्टिसला सोडणार, आणि डॅड रिफायनरीतून लेट येणार. मग आजोबांना डायलिसिसला कोण ड्राइव्ह करणार?"

वीणाने अण्णांचा तो सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"कुणीच नाही, बाळा," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, आवाज कापू न देता म्हणाली, "अण्णा, उद्यापासून आपण तिकडे जायचं नाही."