टिकलीपर्यंत न पोचलेली फुंक

नर्मदाबाईंची ठुशी हरवल्याचं कळलं, त्या दिवशी नामांतराचा बंद होता. मानवतची सकाळची एस.टी. कशीबशी परभणीत शिरली आणि मागोमाग डेपोचं फाटक लागलं. छातीच्या दवाखान्यात सकाळी आलेली माणसं दुपारी तिथंच अडकून पडली. चोर असलाच तर तोही त्यांच्यातच होता.

पोलीस चौकाचौकांत बंदोबस्ताला उभे होते. म्हणून डॉक्टरांनी दिनकररावांना निरोप धाडला. दिनकरराव पूर्वी रेल्वे पोलिसात होते, आता वकिलांसाठी खासगी तपास करायचे. त्यांच्यामागून धापा टाकत आबासाहेब आले. ते पेडगावचे शेतकरी, दिनकररावांचे शाळेपासूनचे सोबती. वर्षापूर्वी त्यांची बायको पार्वतीबाई वारल्या आणि आबासाहेबांचं घरात लक्ष लागेना. दर आठवड्याला ते परभणी गाठायचे आणि दिनकरराव जातील तिकडे जायचे.

दवाखान्याच्या ओट्यावर एका उंच माणसानं एका किडकिडीत माणसाची गचांडी धरली होती. उंच माणूस म्हणजे मानवतच्या नर्मदाबाईंचा मुलगा किशनराव. किडकिडीत तो भुजंग. फुफ्फुसाची ताकद मोजायच्या मशीनवर तो काम करायचा. सगळं गाव त्याला फुंकवाला म्हणायचं.

"सोडा त्याला," दिनकरराव म्हणाले.

"कामून सोडू? माज्या आईच्या गळ्यातली ठुशी ह्यानंच काढाय लावली. आन् ह्याच्याच खोलीतून गेली."

"त्याची झडती घेतली?"

"घेतली. कापडं काढून घेतली. पिशवी झटकली. चतुराबाई झाडू मारती, तिचीबी घेतली."

भुजंगच्या गालावर बोटं उमटली होती. आबासाहेबांनी नजर दुसरीकडे वळवली.

डॉक्टरांनी दोघांना आत नेलं. "दिनकरराव, इथं बायका अंगावरचं काढून ठेवतात. एकदा बोभाटा झाला तर कुणी येणार नाही. संध्याकाळपर्यंत ठुशी मिळाली नाही तर मला भुजंगला काढावं लागेल. मग त्याला दुसरीकडं कोण ठेवील?"

"तुम्हाला तो चोर वाटतो?"

"नाही वाटत. पण आज सगळंच उलटं चाललंय. नर्मदाबाईंना दोन पायऱ्या चढवत नाहीत आणि मशीन म्हणतं, छाती ठणठणीत. त्यांच्यामागून रायभान आला. पालमकडचा मेंढपाळ, गडी नुसता पहाड. मशीन म्हणतं, ह्याची छाती निम्मीच. कापसाच्या जिनिंगमध्ये लागणार होता बिचारा, त्यासाठी दाखला हवाय. आता काय लिहून देऊ त्याला?"

दिनकररावांनी मान हलवली. "आधी ती खोली बघू."

खोली लहान होती. मधोमध टेबलावर मशीन. भुजंगनं ते दाखवलं. मशीनवर हात ठेवल्यावर तो जरा सावरला.

"ह्या भांड्यात पाणी हाय. त्यात ही घंटा पालथी तरंगती. माणसानं नळीतून फुंकलं की घंटा वर जाती. किती वर गेली ते हा काटा पट्टीवर दाखवतो. घंटेला तोलायला मागं चाकावरून साखळीवर वजन सोडलंय. घंटा वर, तर वजन खाली."

वजन घंटेच्या मागं, डोक्याच्या उंचीवर, एका उघड्या आकड्याला लटकत होतं. त्याच्या खाली पत्र्याचा उभा, अरुंद डबा होता.

"आणि हा डबा?"

"लेकरं वजनाला झोंबायची, साहेब. वजन ह्यात खालीवर होतं. पत्रेवाल्याकडनं करून घेतलाय. आत खिळ्यांची टोकं राह्यलीत, पण काम भागतं."

आबासाहेबांचं लक्ष पट्टीकडे गेलं. वरच्या बाजूला एक लाल टिकली चिकटवली होती. "काय रे, मशीनचं लगीन लावलं का?"

भुजंग एवढ्या त्रासातही कसनुसं हसला. "बायकोची हाय. रोज सकाळी पहिल्यांदा मी स्वतः फुकतो. माझी फुंक टिकलीपर्यंत जाती. तिथवर गेली की समजायचं, मशीन नीट हाय. मग पेशंट."

"आज गेली होती?" दिनकररावांनी विचारलं.

"बराबर टिकलीवर."

"आता सांग, ठुशीचं काय झालं?"

"घट्ट दागिना असला की दम नीट भरत न्हाई. मी आजींना ठुशी काढाय लावली. त्यांनी सुनंच्या हातात देली. मी सुनंला म्हणलं, ट्रेमदी ठिवा. मंग मशीनीकडं पाठ करून आजींसमोर उभा राह्यलो. एका हातानं नाकाचा चिमटा धरायचा, डोळे त्यांच्या तोंडावर, आन् ‘फुका, फुका’ म्हणून वरडायचं. माझी कामाची रीतच ती. आजींना ढास लागली, तोंडातली नळी सुटली. सून त्यांना धरून बाहीर घेऊन गेली. मी मागं वळून बघतो, तर घंटा आपली वरच चाललेली."

"कुणी न फुंकता?"

"व्हय. मला वाटलं, चाक कुरकुरतंय. घंटा खाली दाबली, पुढचा पेशंट घेतला. जरा वेळानं सून ठुशी न्यायला आली, तर ट्रेमदी ठुशी न्हाई."

मशीनशेजारी एनॅमलचा ट्रे होता. त्यात वापरलेल्या तोंडनळ्या पडल्या होत्या, संध्याकाळी उकळायला. दिनकररावांनी तो नुसता पाहिला.

नर्मदाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. शेजारी त्यांचा स्वतःचा पितळी तांब्या. दवाखान्याचं पाणी त्यांनी घेतलं नव्हतं.

"आजी, मशीनची नळी तोंडात धरली का मग?"

"माज्या डोळ्यांदेखत उकळून घेतली, तवा धरली. धा जणांचं उष्टं मी तोंडात घालू व्हय?" त्यांना पुन्हा ढास लागली. जरा थांबून त्या म्हणाल्या, "ठुशी माज्या सासूची होती, बाबा. गीतेला द्यायची होती. आता काय देऊ?"

गीताबाई, त्यांची सून, भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान वर केली नाही.

"ठुशी कुठं ठेवली, बाई?"

"ट्रेमदी."

"त्या नळ्यांच्यात?"

ती क्षणभर थांबली. "व्हय. त्यांनी सांगितलं तिथं."

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"म्हणतेत, ठुशी न्हाई सापडली तर म्हायेरी जा." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

रायभान आवारात लिंबाखाली बसला होता. घोंगडीवर काठी आडवी. त्याला विचारलं तर तो भडकला.

"माजी झडती घ्या, घोंगडी झटका. मेंढक्याला सोनं कशाला? मेंढरू काय ठुशी घालतंय? मला त्या मशीनीचा राग हाय. डोंगराच्या पल्याड माजी हाळी जाती, आन् मशीन म्हणतंय दम न्हाई!"

"फुंकताना काय झालं?"

"फुकायलोय फुकायलोय, तर टक् करून अडकलं. छातीत न्हाई, मशीनीत. फुंकवाल्याला म्हणलं, तर म्हणतो पुन्हा फुक. पुन्हा तिथंच टक्."

दिनकरराव मागं वळले. आत येऊन म्हणाले, "आबासाहेब, तुम्ही फुंका."

"मी? मला जिना चढवत नाही."

"म्हणूनच."

आबासाहेबांनी उकळलेली नळी तोंडात धरली आणि डोळे मिटून फुंकलं. काटा थांबला. भुजंग वाकून बघायला लागला.

"रायभानचा पण इथंच थांबला होता," तो म्हणाला.

आबासाहेबांची छाती फुगली. "म्हणजे आम्ही अजून मेंढपाळाच्या बरोबरीचे आहोत तर!"

"वा," दिनकरराव म्हणाले. "चला, चहा पिऊ."

हॉटेलं बंद होती. चतुराबाईनं स्टोव्हवर चहा केला. आबासाहेब बशीत ओतून पीत होते. मधेच थांबले.

"दिनकरराव, एक विचारू? पोरगी खोटं बोलते असं नाही म्हणत मी. पण आमची पार्वती ठुशी कधी खाटेवरसुद्धा ठेवायची नाही. म्हणायची, लक्ष्मी आहे. जमिनीवर नाही, पायथ्याशी नाही, उष्ट्याखरकट्यात तर नाहीच. न्हाणीत गेली की खुंटीला अडकवायची. खुंटी नसली तर मला हात पुढं करून उभं करायची." ते जरा हसले आणि बशीत बघत राहिले. "खुंटी अजून तशीच आहे."

दिनकररावांनी कप खाली ठेवला. "आबासाहेब, केस तुम्ही सोडवलीत."

"मी?"

"सगळ्यांना खोलीत बोलवा. आणि एक स्क्रू-ड्रायव्हर आणा."

खोलीत उभं राहायलाही जागा उरली नाही. किशनराव दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

"एक प्रश्न डॉक्टरांचा होता," दिनकररावांनी सुरुवात केली. "थकलेल्या आजी ठणठणीत, आणि धडधाकट रायभान निम्मा. दोन चुका, एकीमागून एक. एक चूक माणसाची असेल. दोन उलट्या चुका मशीनच्याच. भुजंग, फुंक."

भुजंगनं फुंकलं. मान ताठ झाली, गाल लाल झाले. काटा टिकलीच्या बराच खाली थांबला. टक्.

"सकाळी टिकलीवर गेला होता!" भुजंग पुटपुटला.

"मग आबासाहेब, रायभान आणि भुजंग, तिघांच्या छात्या एकसारख्या कशा? छाती अडत नाही, वजन अडतंय. डब्यात काहीतरी आहे. सकाळी नव्हतं. रायभाननं फुंकलं तेव्हा होतं. मध्ये कोण आलं? आजी."

"आई वजनाला हात लावील व्हय?" किशनराव म्हणाले.

"आजी नाही. पण आजींच्या वेळी घंटा कुणी न फुंकताही वर जात होती. नळी मोकळी, हवा आत येत होती, आणि मागचं वजन घंटेला ओढत होतं. म्हणजे वजन जड झालं होतं. त्या आकड्याला आणखी काहीतरी लटकत होतं. म्हणून आजींची छाती कागदावर ठणठणीत झाली."

गीताबाईनं तोंडाला पदर लावला होता.

"ठुशी हातात आहे. ट्रेमध्ये ठेवा म्हणतात. ट्रेमध्ये दहा जणांच्या उष्ट्या नळ्या. ज्या घरात नळी उकळल्याशिवाय तोंडात धरत नाहीत, त्या घरची सून लक्ष्मी तिथं ठेवील? खाली जमीन. समोर एकच आकडा, खुंटीसारखा, डोक्याच्या उंचीवर. तिनं तिथं अडकवली. घंटा वर गेली, वजन ठुशीसकट डब्यात उतरलं. ठुशीचा दोरा आत खिळ्याला अडकला. भुजंगनं घंटा दाबली, वजन वर आलं, पण ठुशी आकड्यावरून निसटून डब्यात निम्म्यावरच राहिली. त्यानंतर प्रत्येकाचं वजन तिच्यावर येऊन थांबलं."

"मंग ही ट्रेमदी कामून म्हणली?" किशनरावांचा आवाज चढला.

"मशीन बिघडलं म्हणून भुजंग ओरडला असेल. आकडा बघितला तर रिकामा. ठुशी गेली, वर मशीनही आपणच मोडलं, असं वाटलं तिला. तुमची भीती होतीच. जे सांगितलं होतं तेच केलं म्हणाली. इतकंच ना, बाई?"

गीताबाई हुंदका दाबत म्हणाली, "व्हय. मला वाटलं, तिथनं फुंकवाल्यानंच काढली."

भुजंगनं स्वतःच स्क्रू सोडवले. डबा तिरपा केला, आत दोन बोटं घातली. लाल गोंडा आधी दिसला, मग सोन्याचे मणी. एक मणी दबला होता, बाकी सगळी ठुशी धड होती.

चतुराबाई म्हणाली, "बया, बया! आन् माज्या कमरंची झडती घेतली की वो!" आणि स्वतःच हसायला लागली. तिच्या हसण्यानं सगळी खोली सैल झाली. डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

नर्मदाबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. "उष्ट्यात ठिवली असतीस तर मीच घराबाहीर काढलं असतं तुला. बरं केलंस. ये." आणि त्यांनी ठुशी तिथंच तिच्या गळ्यात बांधली. "म्हायेरी कोण जाती ते मी बघती, किशन."

डबा काढून ठेवला होता, तसाच ठेवून भुजंगनं पुन्हा फुंकलं. काटा टिकलीवर जाऊन थांबला. रायभाननं काठी भिंतीला टेकवली आणि असं फुंकलं की घंटा वरच्या दांडीला जाऊन आपटली.

"हां!" तो म्हणाला. "आता लिवा!"

नर्मदाबाईंची छाती मात्र या वेळी कमीच भरली, त्यांच्या खोकल्याला साजेशी. डॉक्टरांनी त्यांना औषध सुरू केलं. सकाळच्या आकड्यावर विसंबले असते, तर ते दिलंच नसतं.

आबासाहेबांनीही पुन्हा फुंकलं. या वेळी काटा मेंढपाळाच्या आसपासही गेला नाही. पण त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. पार्वतीची खुंटी आज कुणाच्या तरी कामी आली होती. त्या रात्री बंद उठल्यावर घरी जाऊन ते पोटभर जेवले.

भुजंगची नोकरी राहिली. दिवाळीच्या आधी मानवतहून दवाखान्यात त्याच्या नावानं शेंगांचं पोतं आलं. भुजंगनं शेंगा पेशंटांना वाटून टाकल्या. किशनराव त्यानंतर आईला घेऊन दोनदा दवाखान्यात आले. दोन्ही वेळा फुंकायच्या खोलीच्या बाहेरच उभे राहिले. भुजंगची माफी मागायची अजून राहिली आहे.